तक्रारीचा टाळ



आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्यांना संध्याकाळची समाजआरती चांगली ठाऊक असते. पालखी तळावर येते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. त्या शांततेत एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहिला, तर ती बेशिस्त धरली जात नाही. त्या दिंडीची तक्रार आहे, एवढाच त्याचा अर्थ. चोपदार त्या दिंडीकडे जातो, ऐकून घेतो, तोड काढतो. मग तो टाळही थांबतो आणि आरती सुरू होते.

नीरेच्या दक्षिणेला लोणंद-फलटणच्या वाटेवर हे घडत असते, त्याच दिवसांत नदीच्या उत्तरेला तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून चाललेली असते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, पुढे निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. लाखो माणसांचे एक गाव रोज नव्या शिवारात वसते आणि पहाटे उठते. एवढ्या गर्दीत कुरबुरी होणारच. पण तक्रार कोणत्या खुणेने मांडायची, ती ऐकायला कोण येणार आणि केव्हा येणार, हे तिथल्या अडाण्यातल्या अडाणी माणसालाही आधीपासून माहीत असते. हे त्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेले नाही. तो दरवर्षी चालत आला आणि शिकला.

शांतता, मानवी हक्क आणि गावाचा विकास यांसाठी लोकांना प्रशिक्षण देणे हा आजचा विषय. तो ऐकला की डोळ्यांसमोर येते ते पंचायत समितीचे सभागृह, मागचा फलक, पाहुण्यांचे सत्कार, दोन भाषणे आणि जेवण. तक्रारीचा टाळ त्याच्या नेमका उलट आहे. तिथे भाषण नाही, सराव आहे. बारामती-इंदापूरच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले तर या दोन तालुक्यांत हक्क कमी पडले ते बहुतेक वेळा कायदा नव्हता म्हणून नव्हे. कायदा होता, पण ऐन वेळी तो हातात धरायचा सराव ज्यांना हवा होता त्यांना कधी मिळालाच नव्हता.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर २०११ रोजी मानवी हक्कांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचा जाहीरनामा संमत केला. त्यात अशा शिक्षणाचे तीन भाग सांगितले आहेत. हक्क कोणते ते कळणे, हा पहिला. शिकवण्याची रीतच अशी असणे की शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा मान राखला जाईल, हा दुसरा. आपले हक्क वापरण्याची आणि दुसऱ्याचे जपण्याची ताकद अंगी येणे, हा तिसरा. आपल्याकडची शिबिरे पहिल्या भागावरच संपतात. दुसरा भाग हरवला तर काय होते, हे बारामतीने फार जवळून पाहिले आहे.

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून तो मुंबई इलाख्यातही आला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवायचा, त्याचे नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, पासाशिवाय हद्द ओलांडू द्यायची नाही, अशी ती व्यवस्था. या जमातींसाठी सेटलमेंट उभारल्या गेल्या. सोलापूरची सर्वांत ठाऊक आहे. तशीच एक बारामतीतही होती आणि तिचा कारभार ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या मिशनकडे होता. मिशनऱ्यांमध्ये कळकळीची माणसे होती. मुलांना शाळा होती, मोठ्यांना काम शिकवले जाई. त्या काळच्या भाषेत ते प्रशिक्षणच होते. पण शिकणाऱ्याला तिथून निघून जाण्याची मुभा नव्हती. हजेरीच्या घंटेने दिवस सुरू होई आणि हजेरीच्या घंटेने संपे. अशा ठिकाणी माणूस सुतारकाम शिकेल, शिवण शिकेल, पण सगळ्यांत पक्का शिकेल तो एकच धडा: अधिकाऱ्यापुढे मान खाली घालून उभे राहायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पुढे सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, संशयाची नजर तशीच राहिली. फासेपारधी कुटुंब गावाबाहेर माळावर पाल ठोकून राहिले आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी त्या माळाकडे वळली.

जून १९९८ मध्ये बारामतीत एका पारधी मजुराचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला. मारहाणीने तो मेला, असा आरोप झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या तरुणाचा असाच कोठडीत अंत झाला होता. त्यानंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर कृतिगट स्थापन केला होता. बारामतीची घटना त्या गटापुढे आली, दिलीप डिसूझा यांनी विमुक्तांवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकातून ती देशभर पोचली. अहमदाबादच्या छारानगरातली मुले तेव्हा 'बुधन' हे नाटक करू लागली होती. छारा हीसुद्धा एके काळी सेटलमेंटमध्ये डांबलेली जमात. पुढे या मुलांनी बारामतीच्या मृत्यूवरही नाटक केले. पुण्याच्या या कोपऱ्यातली गोष्ट गुजरातच्या एका वस्तीतले तरुण रस्त्यावर उभे राहून सांगत होते. बारामतीच्या माळावरच्या पारधी मुलांना ती सांगण्याची संधी तेव्हा मिळाली असती, तर ती त्यांनी आपल्या भाषेत सांगितली असती.

तारखांकडे जरा नीट पाहू. १८ डिसेंबर १९९६ रोजी, म्हणजे बारामतीच्या घटनेच्या दीड वर्ष आधी, सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात निकाल दिला होता. अटकेसाठी अकरा बंधने घातली होती. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटकेच्या वेळी पंचनामा लिहावा, त्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या एका तरी साक्षीदाराची सही असावी आणि अटक झालेल्याचीही. कुठे ठेवले आहे ते नातेवाइकाला कळवावे. अटक झालेल्याने मागणी केली तर अंगावरच्या जखमांची नोंद तिथल्या तिथे करावी. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता यावे. हे सगळे प्रत्येक पोलिस ठाण्यात ठळक जागी लावावे, आकाशवाणी-दूरदर्शनवरून सांगावे, स्थानिक भाषेत पत्रके वाटावीत, असेही न्यायालयाने म्हटले होते.

म्हणजे निकाल होता, अकरा कलमे होती. नवऱ्याला नेताना गाडीसमोर उभ्या राहणाऱ्या बाईला मात्र 'कागद दाखवा, त्यावर माझा अंगठा घ्या' हे वाक्य कधी कुणी म्हणायला लावले नव्हते. हे वाक्य वाचून येत नाही. पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो. ते आपल्या माणसांत, कुणाला तरी खोटा फौजदार करून, दहा वेळा म्हणून पाहावे लागते. मग अकराव्या वेळी खऱ्या फौजदारापुढे ते तोंडातून निघते. विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवकांची योजना २००९ पासून आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात एरवी ३० दिवसांची मुदत असली, तरी जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर अटक झालेल्यांची नावे ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावण्याची, त्यासाठी जबाबदार अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. हत्यारे भरपूर आहेत. ती धरायला शिकलेले हात वस्तीतच हवेत, कारण रात्री दोन वाजता पुण्याहून कुणी येत नाही.

हक्कांचा प्रश्न आला की तो फक्त पोलिस ठाण्यापाशी असतो, असे मानण्याची चूक होते. या दोन तालुक्यांतली सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट भांडणे पाण्याची आहेत.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. भाटघरच्या धरणाचे पाणी त्यातून पुरंदर, बारामती करत इंदापूरच्या टेलपर्यंत येते. दुष्काळात बाजरी-ज्वारी वाचावी, हा त्याचा मूळ हेतू. सुरुवातीला शेतकरी पाणी घ्यायलाही कचरत होते. मग ऊस आला आणि चित्र पालटले. सहकारी कारखाने उभे राहिले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. कालव्याच्या खालचा पट्टा बागायत झाला, वरचा जिरायतच राहिला. एकाच तालुक्यात सोयरीक जुळवताना 'गाव बागायतात की जिरायतात' हे विचारले जाऊ लागले.

पाळीवरून डोकी फुटतात, ती पाणी कमी असते म्हणून. त्याहून जास्त फुटतात ती आपली पाळी कधी, किती तास आणि वरच्या चारीला किती गेले, हे खालच्याला कळत नाही म्हणून. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरला का, मंजूर झाला का, आवर्तन किती दिवसांचे, टेलला आधी की हेडला आधी, हे ज्याला माहीत तो पाटकऱ्याशी बोलतो. ज्याला माहीत नाही तो रात्री फावडे घेऊन दार फोडायला जातो. राज्याने २००५ साली पाणीवापर संस्थांचा कायदा केला. कागदावर शेतकरीच आपल्या पाण्याचे व्यवस्थापक झाले. पण मोजून घेतलेले पाणी वाटायचे तर माप वाचता यायला हवे, हिशेब चावडीवर लावता यायला हवा, आणि बांधाला बांध असलेल्या भावकीला 'तुझी पाळी संपली' हे न भांडता सांगता यायला हवे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. शांततेचे प्रशिक्षण म्हणतात ते प्रत्यक्षात हेच.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी हे करून दाखवले. १९७२ च्या दुष्काळाने हादरलेला पुण्याचा हा इंजिनिअर गावात जाऊन बसला आणि पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणसाच्या डोक्यामागे द्यायचे. दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. ऊस लावायचा नाही. हे नियम सरकारने आणून दिले नव्हते. लोकांनी बैठकीत वाद घालून मान्य केले, म्हणून मोडणाऱ्याला गावच विचारत असे. विकास, हक्क आणि शांतता या तीन वेगळ्या खात्यांच्या योजना नाहीत, हे नायगावच्या पाण्याने सांगितले. वाटा मान्य झाला की भांडण कमी होते, भांडण कमी झाले की सगळ्यांची विहीर भरते.

बारामतीच्या जिरायतीतही एक मोठी शाळा भरली होती. साठच्या दशकाच्या अखेरीस चर्चच्या 'कासा' या मदतसंस्थेचे धान्य मजुरीदाखल देऊन इथे पाझर तलाव खोदले गेले. शरद पवार तेव्हा तरुण आमदार होते. त्यांचे थोरले बंधू आप्पासाहेब पवार यांनी या कामाचा पुढे शेतीच्या शिक्षणाशी सांधा जोडला. १९७१ मध्ये अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला, १९९२ मध्ये शारदानगरच्या परिसरात कृषी विज्ञान केंद्र आले. ठिबक, फळबागा, रोपवाटिका शिकायला आज तिथे राज्याबाहेरचेही शेतकरी येतात. तिथली पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याला आधी प्लॉट दाखवतात, हात मातीत घालायला लावतात, मग सांगतात. छाटणी कुणी भाषणातून शिकवत नाही. मग ग्रामसभा भाषणातून का शिकवायची?

कामाच्या बदल्यात धान्यापासून पुढे महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. तो १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला. धान्य ही मदत होती, रोजगार हमी हा हक्क झाला. त्या हक्काची किल्ली एका चिठोऱ्यात आहे. नमुना ४ भरून काम मागायचे आणि नमुना ५ म्हणजे तारखेची पोच घ्यायची. पोच मिळाली की पंधरा दिवस मोजायला सुरुवात, त्यात काम मिळाले नाही तर बेकारी भत्त्याचा दावा. पोच घेतली नाही तर ती बाई काम मागायला आली होती याला कसलाही पुरावा नाही. 'ठेवा इथे, बघतो' असे म्हणून ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांनी अर्ज टेबलावर सरकवला, तर तिथून हलायचे नाही, सही-शिक्का घेऊनच निघायचे. गावविकासाच्या कोणत्याही प्रशिक्षणाचा पहिला तास या पोचेवर गेला पाहिजे.

आता ग्रामसभा. बाईने स्थानिक कारभारात बसावे ही गोष्ट बारामतीला नवी नाही. काटेवाडीच्या शारदाबाई पवार १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, १९९४ साली शरद पवार मुख्यमंत्री असताना राज्याचे पहिले महिला धोरण आले, २०११ मध्ये वाटा निम्म्यावर गेला. आजवर या दोन तालुक्यांत शेकडो बाया सदस्य आणि सरपंच होऊन गेल्या आहेत. त्यांच्यापैकी किती जणींना पहिल्या सभेआधी प्रोसिडिंग बुक उघडून दाखवले गेले? ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो, ऐनवेळच्या विषयात काय घुसवले जाते, पंधरा टक्के किंवा शंभर यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार नसले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून महत्त्वाचे ठराव नेमके तिथेच होतात, हे त्यांना कुणी सांगितले? नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदाच म्हणतो. ती खरोखर भरली तर तीच प्रशिक्षणाची जागा आहे. नवे सभागृह बांधायची गरज नाही.

भांडण गावातच मिटवण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २००७ पासून केला. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटपाचे, रस्त्याचे कित्येक दावे कोर्टाची पायरी न चढता मिटले, हे मोठेच काम. पण समितीला जसे मिटवायला शिकवायला हवे, तसेच कुठे थांबायचे तेही शिकवायला हवे. तडजोडपात्र गुन्हे समितीपुढे येऊ शकतात. दलित वस्तीवरचा हल्ला किंवा बाईवरचा अत्याचार 'गावाची बेअब्रू नको' म्हणून मिटवला, तर तंटा दाबला जातो आणि पुरस्काराचा फलक त्याच्यावर उभा राहतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियमांत उपविभागीय पातळीवर दक्षता समितीची तरतूद आहे. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके एकाच उपविभागात येतात, प्रांत कार्यालय बारामतीलाच आहे. तंटामुक्ती अध्यक्षाला या समितीचा पत्ता माहीत असणे हा त्याच्या प्रशिक्षणाचा भाग हवा.

आणि गाव आपली रूढीही बदलू शकते. उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडे, इंदापूरच्या समोरच्या काठाला करमाळा तालुका आहे. तिथल्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात विधवांचे कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उभारली. आपल्या पश्चात पत्नीवर ही सक्ती होऊ नये, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतः केले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे नमुना म्हणून ठेवला. ठराव झाला की काम संपत नाही. अंत्यविधी आटोपून बायका अंगणात जमतात, एखादी वडीलधारी पुढे होते, त्या क्षणी 'आत्या, हात सोडा तिचा' असे म्हणणारी शेजारीण लागते. ठरावाची अंमलबजावणी तिच्या आवाजावर असते, आणि तो आवाज आधी तयार करावा लागतो.

बारामती-इंदापुरात हे काम कसे करता येईल? वेळ आधी पाहावी. ऑक्टोबर ते मार्च गळीत हंगाम असतो, तेव्हा बीड-नगरकडची कोयत्याची कुटुंबे कोप्यांवर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून घेतलेली, मुलांची शाळा मागे राहिलेली. त्यांच्यासाठी वर्ग पहाटे किंवा दुपारी भरवून उपयोग नाही. अड्ड्यावर, रात्री, गाडी भरून झाल्यावर अर्धा तास मिळतो. तेवढ्यात उचलीचा हिशेब स्वतः लिहून ठेवायला शिकवता येते. पारधी वस्तीवर पारधी बोलणारेच शिकवणारे हवेत. उजनीत ज्यांची गावे बुडाली त्यांच्या नातवंडांना पुनर्वसनाचे दाखले कसे वाचायचे ते हवे, भिगवणच्या मासेमारांना परवान्याचे नियम हवेत. एकच पुस्तिका सगळीकडे वाटून हे होणार नाही.

पहिल्या तुकडीत कोण असावे, तेही सांगता येईल: एक पाटकरी, एक पोलिस पाटील, एक आशाताई, दोन ग्रामपंचायत सदस्या, एक तंटामुक्ती अध्यक्ष, एक मुकादम, आणि माळावरच्या पालातली एक बारावी शिकलेली मुलगी. त्यांनी तीन दिवस एकत्र राहावे. पहिल्या दिवशी नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत पोच घ्यावी. दुसऱ्या दिवशी चारीवर जाऊन पाळीचे वेळापत्रक लिहावे. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या पोलिस ठाण्यात जावे, ठाणे अंमलदाराची परवानगी घेऊन अटकेसंबंधीच्या सूचनांच्या फलकासमोर उभे राहावे, आणि त्या मुलीने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचावा. पोलिस पाटलाने आणि अंमलदाराने तो उभे राहून ऐकावा. फलक लावलेला नसेल, तर तिने तो लावण्याचा अर्ज तिथेच लिहावा आणि पोच घेऊन बाहेर यावे.